रिव्हॉल्व्हरवर हार्ड क्रोम: एक पावसाळा आणि एक आंबिया बहार वापरून

बोर्डो मिश्रण, म्हणजे झाडांवरच्या बुरशीचं औषध, नीट जमलं की नाही हे पाहायला आमच्याकडं अजूनही विळा बुडवतात. मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी ड्रममध्ये तयार झालं, की त्यात विळ्याचं पातं मिनिटभर धरायचं. पात्यावर लालसर तांबं चढलं तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. पातं जसंच्या तसं राहिलं तर पंप भरायचा. हे मी लहानपणापासून पाहत आलोय. आणि तरीही २०२४ च्या ऑक्टोबरात, खोडांना बोर्डो पेस्ट लावून घेताना, कमरेला टोचतंय म्हणून त्याच निळ्या हातांनी रिव्हॉल्व्हर काढलं आणि दुसऱ्या बाजूला खोवलं. पेस्ट म्हणजे दहा लिटर पाण्यात किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना. फवाऱ्याच्या दहापट जहाल. विळ्याची परीक्षा ठाऊक असलेल्या माणसानं हे करावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मी वरूड तालुक्यातला. स्वतःची नऊ एकर संत्रा, आणि हंगामात इतरांचे बगीचे घेतो. बगीचा घ्यायचा म्हणजे झाडावरच माल ठरवायचा, तोडाई आपली, गाडी आपली, पैसा शेतकऱ्याच्या हातात. हल्ली बरेच जण खात्यावर घेतात, पण इसार आणि तोडाईवाल्यांची मजुरी रोखच लागते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून रात्री नऊ-दहाला मोटारसायकलवर एकटं यायचं असतं. एकदा रस्त्यात लाकूड आडवं टाकून दोघांनी अडवलं, पिशवी गेली, डोक्याला चार टाके पडले. त्यानंतर अर्ज केला आणि २०१२ साली परवाना मिळाला. ऑर्डनन्स फॅक्टरीचं .३२ चं रिव्हॉल्व्हर घेतलं. सहा गोळ्यांचं, जुन्या इंग्रजी वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या धाटणीनं मधून मोडणारं, तीन इंची नळीचं. आजवर कोणावर रोखायची पाळी आली नाही आणि येऊ नये. इतक्या वर्षांत त्याची खरी मारामारी झाली ती एका गंजाशीच.

त्या दिवशी घरी येताना परतीच्या पावसानं गाठलं. कव्हर चामड्याचं, ते चिंब. रात्री उशीर झाला, तसंच खुंटीला टांगलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यातून फोन, विधानसभेची आचारसंहिता लागली, हत्यार जमा करा. मी कव्हरासकट नेऊन दिलं. पावती घेतली, काडतुसांची मोजदाद झाली, आणि माझ्या हातचं मोरचूद, माझा घाम आणि पावसाचं पाणी प्यालेलं ते चामडं मालखान्याच्या पेटीत दीड महिना बंद राहिलं. चामडं कमावताना जे क्षार वापरतात ते ओलाव्याबरोबर बाहेर येतात आणि ओल धरून ठेवतात, हे मला नंतर कळलं. कव्हर म्हणजे संरक्षण असंच मी समजत होतो.

डिसेंबरात सोडवायला गेलो. हवालदारानं पेटीतून काढून टेबलावर ठेवलं. "पाहून घ्या भाऊ, अन् सही करा." बाहेर काढताना चामड्यातून चर्र असा आवाज आला. सिलेंडरच्या उजव्या अंगावर, जिथं माझा अंगठा आणि दोन बोटं लागली होती तिथं, तीन डाग होते. नुसते तपकिरी नव्हते, मधोमध काळे आणि कडेला केशरी, भाकरीला जसे पोळल्याचे डाग पडतात तसे. नखानं खरवडलं तर पापुद्रा निघाला आणि खाली बारीक खड्डे. नळीच्या खालच्या बाजूला कव्हराच्या शिलाईची अख्खी रेघ उमटली होती, टाके मोजता येतील अशी. ठाण्याचा काही दोष नाही. मी दिलं तसंच त्यांनी परत दिलं.

आता मुख्य गोष्ट. वर्षभरात दोन ठिकाणी गंजावर काम करून घेतलं, आधी ब्लूइंग, म्हणजे लोखंडावर काळा थर, आणि मग हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमचा जाड थर. दोन्हींची नावं लिहीत नाही. पहिल्याला बदनाम करायचं नाही, आणि एकाचं नाव लिहून दुसऱ्याचं झाकलं तरी या धंद्यातले लोक ओळखतातच.

पहिलं दुकान मोठं, काचेचं, एसीचं. जानेवारीत गेलो. काउंटरवरच्या पोरानं उलटंसुलटं करून पाहिलं आणि सांगितलं, "ओरिजनल ब्लूइंग मारून देतो, कंपनीसारखं. अठराशे रुपये. तीन दिवस." तीन दिवसांनी काळंभोर चकाचक झालेलं मिळालं. मी खूश. आठ दिवसांनी पांढऱ्या फडक्यानं पुसलं तर फडक्यावर काळपट डाग. मार्चपर्यंत कडा उघड्या पडल्या. मे महिन्यात, जेव्हा इथं पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि बनियन दिवसातून दोनदा पिळावं लागतं, तेव्हा तेच तीन डाग त्याच जागी परत आले, जुनं येणं वसूल करायला आल्यासारखे. फोन केला तर उत्तर मिळालं, "तुमच्या घामातच ॲसिड जास्त आहे."

त्यांनी मारलं होतं ते कोल्ड ब्लू. बाटलीतलं द्रावण बोळ्यानं घासायचं, सेलेनियमची संयुगं लोखंडावर काळा थर धरतात, झालं. स्क्रूच्या डोक्यावरचा ओरखडा झाकायला ते ठीक आहे. ते कारखान्याचं ब्लूइंग नव्हे. कारखान्यात कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात, १४० अंशांच्या आसपास, अख्खा भाग बुडवून ठेवतात. लोखंडाचाच वरचा थर काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो. म्हणजे तोही एक प्रकारे गंजच, फक्त वळण लागलेला. आणि तोसुद्धा पातळ, मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा. त्याचं काम तेल धरून ठेवायचं. घरातला लोखंडी तवा काळा होतो तेव्हा त्याला गंज लागत नाही, पण तेलाचा हात फिरवायचा सोडला आणि घासणीनं उघडा केला की सकाळी लाल. तेच इथं. घामेजल्या कमरेला आणि रोज तेल पुसून निघणाऱ्या कव्हरात नुसतं ब्लूइंग फार दिवस तगत नाही, मग ते अस्सल असो की बाटलीतलं.

दुकानाविषयी माझी तक्रार किमतीची नाही. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. खड्ड्यांतला गंज न काढता वरून काळं फासलं. खाली आग तशीच.

दुसऱ्या कारागिराचा पत्ता मोर्शीच्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं दिला. नागपुरात, जुन्या वस्तीत, एका बोळातली दहा बाय बाराची खोली. भिंतीवर दुरुस्तीच्या परवान्याची फ्रेम, टेबलावर जाडजूड रजिस्टर, मागं कारखान्याची पत्र्याची शेड. काका सत्तरीच्या जवळचे. आधी सिलेंडर उघडून रिकामं असल्याची खात्री केली, नळीतून उजेड पाहिला, माझ्या परवान्यावरचा नंबर हत्यारावरच्या नंबराशी जुळवला, मग म्हणाले, "बसा भाऊ. आता सांगा, हे राहते कुठं?"

मला वाटलं गाव विचारतायत. नाही. रात्री कुठं राहतं? कपाटात की उशाखाली? कमरेच्या कोणत्या बाजूला? बनियनच्या आत की बाहेर? कव्हर कशाचं? शेतात काय फवारता? मोरचूद म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हात धुतल्याबिगर पकडलं असन." मी गप्प. बायको सोबत असती तर तिनं माझ्या आधी हो म्हटलं असतं.

मग त्यांनी ड्रॉवरमधून पोलादाची एक घासून लख्ख केलेली पट्टी काढली, मला मुठीत मिनिटभर दाबून धरायला लावली, खडूनं त्यावर माझं आडनाव लिहिलं आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवून दिली. जूनचा दुसरा आठवडा, हवा दमट. माझं कळमना मंडीत काम होतं, मुक्काम केला. सकाळी परत गेलो तर पट्टीवर माझ्या चार बोटांच्या रेषा तपकिरी उमटलेल्या, आधारवाल्यांनी घ्याव्यात इतक्या स्पष्ट. शेजारी त्यांची स्वतःची पट्टी होती, तीही रात्रभर तिथंच ठेवलेली. तिच्यावर जेमतेम धुरकट सावली. "काही लोकाइचा हात असाच असते," काका म्हणाले. "तुमच्या हाताले ब्लूइंग पुरणार नाही. पैसे घेऊन मी बी करून देईन, पण पुरणार नाही."

म्हणजे पहिला दुकानदार घामाबद्दल खोटं बोलला नव्हता. फक्त ते त्यानं पैसे घ्यायच्या आधी सांगायला हवं होतं.

मग पर्यायांवर दीड तास गेला, दोन चहा झाले. त्यातलं जेवढं समजलं तेवढं लिहितो, कारण या विषयावर मराठीत वाचायला मला काही मिळालं नव्हतं.

निकल माझ्या डोक्यात होतं, चकचकीत, रुबाबदार. एका मामांकडं तसलं जुनं पिस्तूल पाहिलेलं. काकांनी एक निकल केलेला मोडका भाग दाखवला. कडेला थर सुटला होता, आणि सुटलेल्या थराखाली पाणी शिरून आतलं लोखंड पोखरलं होतं. वरून सगळं चमकदार. शिवाय निकलच्या खाली पुष्कळदा तांब्याचा थर देतात, आणि नळी साफ करायच्या काही द्रावणांत अमोनिया असतो, तो तांबं खातो. थर उचकटला की तिथंच अमोनिया शिरतो. माझ्यासारख्या हलगर्जी माणसाला हे नको.

फॉस्फेटचं काम, ज्याला पार्कराइझिंग म्हणतात, ते राखाडी, खरखरीत, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजेच्या हत्यारांवर असायचं तसं. छिद्राळ असतं म्हणून तेल भरपूर पितं आणि धरून ठेवतं. चमक अजिबात नाही. मला आवडलं होतं. पण काका म्हणाले, तेल पितं तसंच ते कपड्यालाही लागतं, आणि पांढरा सदरा घालणाऱ्या माणसाची बायको मला शिव्या घालते. हे मात्र पटलं.

सेराकोटचं नाव मी मोबाइलवर वाचून गेलो होतो. अमेरिकेतलं आहे, सिरॅमिकचे कण असलेलं रंगासारखं लेपन. आधी बारीक दाण्यांचा मारा करून पृष्ठभाग खरबरीत करतात, मग फवारतात, मग १२० अंशांच्या आसपास दोन तास भट्टीत भाजतात. खारं पाणी, घाम, रसायनं, सगळ्याला चांगलं तोंड देतं. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यालाही चालतं, कॉस्टिकची उकळती टाकी ॲल्युमिनियमला चालत नाही. काकांनी त्याची निंदा केली नाही. "माझ्याकडं त्याचं सामान नाही, म्हणून वाईट म्हणणार नाही," हे त्यांचे शब्द. पण दोन गोष्टी सांगितल्या. त्याचा थर पंचवीस मायक्रॉनच्या घरात जातो, आणि आमचं रिव्हॉल्व्हर मधून मोडतं. बिजागरी, वरची कडी, सिलेंडरचा आस, सगळं एकमेकांवर घासत चालणारं. तिथं दोन्हीकडून थर चढला की फट भरते. दुसरं, कव्हरात रोज आत-बाहेर होणाऱ्या कडांवरून तो कालांतरानं झिजतो, आणि झिजला की खाली उघडं लोखंड.

नायट्रायडिंगची चौकशी मीच केली, कारण ग्लॉक पिस्तुलाच्या स्लाइडवर तशी प्रक्रिया असते असं वाचलेलं. ते लेपन नव्हेच, पाचशे अंशांच्या पुढं तापवून पोलादाच्या कातडीतच नायट्रोजन मुरवतात. नव्या भागांना कारखान्यातच करावं, जुन्या वस्तूला एवढी आच देऊन तिचं पाणी उतरवू नये, असं त्यांचं मत. पुढं विचारलं नाही.

आणि टायटॅनियम. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीनं २०१४ साली निर्भीक काढलं, .३२ चंच, अर्ध्या किलोचं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, म्हणून गंजाची कटकटच कमी. तेव्हाच किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. माझं दुसरं म्हणजे वडिलांची बारा बोअर बंदूक, रानडुकरांच्या पिढ्यांनी जिचा आवाज ऐकलाय ती. ती विकायची नाही. म्हणजे आहे तेच टिकवायचं.

राहिलं हार्ड क्रोम. क्रोम म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर जुन्या राजदूतचं हँडल आलं आणि मी नको म्हटलं. काकांनी मला दाराशी नेलं आणि माझ्याच मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपवर बोट ठेवलं. "हे क्रोम. हँडलवरचं येगळं." हँडलवरचं शोभेचं, निकलच्या थरावर नावापुरतं क्रोम. शॉकअपच्या दांड्यावर, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकच्या आणि जेसीबीच्या बकेटच्या रॉडवर असतं ते हार्ड क्रोम. थेट पोलादावर, जाड, आणि इतकं कठीण की कानस घसरते. दिवसभर माती-मुरमात खालीवर होतं आणि पाच वर्षांनी लख्ख. हे मला एका क्षणात समजलं, कारण जेसीबीचे रॉड मी रोज पाहतो. त्याच क्षणी हेही आठवलं, की शॉकअपच्या दांड्याला खडा लागून टवका उडाला की तिथंच गंजाचा दाणा येतो आणि सील फाटतं. मी तसं म्हटलं. काका हसले. "बरोब्बर. क्रोमला बारीक चिरा असतातच, डोळ्याला न दिसणाऱ्या. तेल सोडायचं नाही." ज्या माणसानं स्वतःच्या मालाचा दोष इतक्या सरळपणे कबूल केला त्याला मी नऊ हजार रुपये देऊन टाकले. पहिल्या दुकानाच्या पाचपट.

चमक नको होती. त्यावर उपाय म्हणजे क्रोमच्या आधी बारीक काचेच्या मण्यांचा मारा. मग क्रोम बसलं तरी ते आरशासारखं न दिसता जर्मनच्या जुन्या भांड्यासारखं फिकट राखाडी दिसतं.

खरं कसब क्रोमच्या टाकीत नव्हतं, त्याच्या आधी होतं. खड्डे झाकत नाहीत. क्रोम मारलं तर खड्ड्याचाच आकार क्रोममध्ये उमटतो, त्यामुळं आधी घासून खड्डे काढायचे. आणि माझा तिसरा डाग नंबराला लागून होता. शस्त्र कायद्याच्या आठव्या कलमानुसार हत्यारावरचा नंबर किंवा कोणतीही ओळखीची खूण पुसणं, बदलणं हा गुन्हा आहे. जोशात पॉलिश मारणारे कारागीर नंबर इतका पुसट करतात की नूतनीकरणाला तो वाचता येत नाही आणि मग तुमचं तोंड बघण्यासारखं होतं. काकांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि नंबराच्या शेवटच्या आकड्याचं शेपूट दाखवलं, त्याच्या टोकाशी मोहरीच्या निम्म्या आकाराचा खड्डा. "हा राहील," म्हणाले. "हा काढला तर सातचा एक होईल." तो खड्डा आजही तिथं आहे, क्रोमच्या खाली, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

आणखी एक. नळीचं आतलं अंग, गोळीची घरं आणि सगळ्या स्प्रिंगा यांना क्रोम लावला नाही. घरांचं माप बदललं तर काडतूस अडकेल हे मलाही कळतं. स्प्रिंगांचं मात्र नव्यानं कळलं. क्रोमच्या टाकीत विजेच्या प्रवाहाबरोबर हायड्रोजन सुटतो, तो कडक पोलादात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. स्प्रिंग काही दिवसांनी वापरता वापरता मोडते. म्हणून टाकीतून काढलेले भागही लगेच १९० अंशांवर काही तास भट्टीत ठेवून आतला हायड्रोजन बाहेर काढावा लागतो. कोणी तुम्हाला क्रोम करून देतो म्हटलं तर एवढंच विचारा, की नंतर भाजता का. "कशाला?" असं उत्तर आलं तर हत्यार उचला आणि निघा. आणि एमआयडीसीतल्या साध्या प्लेटिंगवाल्याकडं, ओळखीचा आहे म्हणून, अजिबात देऊ नका. ज्याच्याकडं परवाना नाही त्याच्या हाती हत्यार देणं हा तुमच्याच गळ्यातला फास आहे. काकांची टाकी त्यांच्याच परवान्याच्या जागेत आहे, माझ्यासमोर रजिस्टरला नोंद झाली आणि नंबरासकट पावती मिळाली.

तक्रारीही आहेत. तीन आठवडे सांगितले, सात लागले. मधे दोन फेऱ्या फुकट गेल्या, वरूड ते नागपूर म्हणजे जाऊन-येऊन दिवस मोडतो. फोन काका उचलत नाहीत, नातू उचलतो आणि "सांगतो" म्हणतो. ऑगस्टच्या सुरुवातीला मिळालं तेव्हा बिजागरी कडक होती, उघडताना दोन्ही हात लागायचे. पंधरा-वीस दिवसांत आपोआप मोकळी झाली, पण हे आधी सांगायला हवं होतं. पुढची माशी, म्हणजे नेमाचा तुकडा, तीही पांढरी करून ठेवली. उन्हात पाहिलं तर नेम धरायच्या जागी नुसता चकाकता ठिपका. परत जाऊन काळी करून घेतली, पैसे घेतले नाहीत, पण दिवस पुन्हा मोडला. आणि बाहेरचे दोन स्क्रू तसेच काळे ठेवले होते, का ते विचारायचं राहिलं. दिसायला मुंडावळ्यांत एक फूल वेगळ्या रंगाचं असावं तसं दिसतं.

वापराचं सांगतो. ऑगस्ट-सप्टेंबरचा पाऊस कमरेवर काढला. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडाई ऑक्टोबर ते डिसेंबर, रोज बगीच्यात, धूळ, घाम, फवाऱ्याचा शिडकावा. चामड्याचं कव्हर फेकलं नाही, पण त्यात आता सुऱ्या-कातऱ्याच राहतात. कॅनव्हासचं, आत नायलॉनचं अस्तर असलेलं घेतलं, सहाशे रुपये, ओलं झालं तर तासाभरात वाळतं. रात्री कव्हरातून काढायचंच, हा नियम. हात साबणानं धुवायचे आणि मगच शिवायचं. शिलाई मशीनचं तेल दोन थेंब, जुन्या धोतराच्या तुकड्यानं. खोबरेल तेल काही लोक लावतात, ते थंडीत थिजतं आणि खवट होऊन चिकट बसतं. स्टीलच्या डब्यात बुटाच्या खोक्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्या टाकून, कपाटाला कुलूप. पहिले चार दिवस तो डबा स्वयंपाकघरातल्या फडताळात होता. "थे तुमचं लोखंड माह्या पापडाच्या डब्याजवळ नोका ठेवू बरं," असा बायकोचा हुकूम आला आणि तो तिथून हलला. डबे एकाच मापाचे होते, तिचंही बरोबर होतं.

नोव्हेंबरात एकदा मुद्दाम परीक्षा पाहिली. मोरचूदाच्या पाण्याचा एक थेंब पकडीजवळच्या क्रोमवर आणि एक त्या काळ्या स्क्रूवर टाकला, विळ्याला धरतो तसा मिनिटभर. क्रोमवरून थेंब पुसला, खाली काही नाही. स्क्रूच्या डोक्यावर तांबूस कडं उमटलं. म्हणजे मोरचूद तेच, मी तोच, फक्त मधे थर आला. स्क्रू लगेच पुसून तेल लावलं. हा प्रयोग तुम्ही करू नका, माझ्याच्यानं राहवलं नाही.

पाचपैकी साडेचार द्यावेसे वाटतात, पण त्या सात आठवड्यांसाठी अर्धा कापतो. चार. कमी घाम येणाऱ्या, कपाटातच ठेवणाऱ्या माणसानं मात्र नऊ हजार घालवू नयेत, त्यानं चांगलं गरम ब्लूइंग करून घ्यावं आणि तेल लावावं.

मधे नगरपरिषदेच्या निवडणुकीत पुन्हा जमा करायची सूचना आली. या वेळी कव्हर घरी ठेवलं. तेलाचं फडकं गुंडाळलं, वर प्लास्टिकची पिशवी नाही, कारण तीही ओल कोंडते, नुसतं कागदाचं पुडकं, आणि आत दोन सिलिकाच्या पुड्या. हवालदार तोच होता. पुडकं हातात घेऊन वास घेतला. "काय बाप्पा, मशीनवाल्याकडून आणलं का?" जानेवारीत सोडवून आणलं, घरी येऊन भिंगाखाली फिरवलं. काळ्या स्क्रूच्या खाचेत एक तपकिरी ठिपका होता. बाकी काही नाही. पुढच्या फेरीत ते दोन स्क्रूही करून घ्यायचेत, नातवाला तसं सांगून ठेवलंय. "सांगतो," म्हणाला.